गोव्यात राहायला येताना कागदी पुस्तकं सोडून ई-रीडर घ्यावा का?

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, जरूर घ्या. पण त्यासाठी घरातली चारशे पुस्तकं पुण्यात वाटून टाकायची गरज नाही.

तुमची म्हापशाला बदली होतेय, भाड्याचं घर जुनं, चिऱ्याचं आहे, पावसात पुस्तकांचं काय होईल आणि यंत्रावर मराठी नीट वाचता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याचा. पुस्तकं आणि पाऊस ही दोन्ही एकाच घरात नांदवायची कसरत घरात लहानपणापासून पाहिली, आता स्वतः करतो. म्हणून आधी पावसाचं बोलतो.

पुण्यात कपाटातलं पुस्तक दहा वर्षांनी काढलं तरी धूळ झटकून वाचायला बसता येतं. इथे ते विसरा. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत हवेतली आर्द्रता बराच वेळ ८५ टक्क्यांच्या वर असते. कागद हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. आधी कापडी बांधणीवर पांढुरका थर येतो, मग कडांना तपकिरी ठिपके, मग तो वास. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली चित्रांची पुस्तकं ओली झाली तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना फाटतातच. बांधणीतल्या खळीसाठी कसर येते ती वेगळीच. वाळवीची ओळख घरमालक करून देतील.

यावर उपाय आहेत, पण सगळे कष्टाचे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागून हवा खेळू द्या. पुस्तकं दाबून भरू नका. डांबराच्या गोळ्या किड्यांना लांब ठेवतात, ओलावा त्यांनी कमी होत नाही. सिलिका जेल बरी, पण ती ओली झाली की तापवून पुन्हा सुकवावी लागते, आणि हे फार थोडे लोक करतात. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी पुस्तकं बाहेर काढायची, एकेक पुसायची, सावलीत वाऱ्यावर पानं उघडी करून ठेवायची. थेट उन्हात नको, पुठ्ठे वाकतात आणि शाई उडते. घरातल्या माणसांना न चिडता जेवढ्या पुस्तकांचं हे काम झेपेल, तेवढी तुमची कागदी पुस्तकं. त्यापुढची बुरशीच्या नावावर करून टाकलीत असं समजा.

म्हणून 'कागद की यंत्र' या वादात मला रस नाही. कोणतं पुस्तक कुठे ठेवायचं, एवढंच ठरवायचं. पुन्हा छापली न गेलेली, समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली, कवितेची, कोशांची, आणि मुलीची चित्रांची पुस्तकं सोबत आणा. जी कादंबरी एकदा वाचून झाली आणि कुठल्याही दुकानात पुन्हा मिळेल, ती पुण्यातच कुणाला तरी द्या. नवी, एकदाच वाचायची म्हणून घेतो ती यंत्रावर घ्या. तिसरी सोय लोक विसरतात ती ग्रंथालयाची. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. म्हापशाहून बसने पणजी काही लांब नाही. दुसऱ्याच्या कपाटात राहणारी पुस्तकं वाचण्यासारखं सुख इथल्या पावसाळ्यात नाही.

आता यंत्राबद्दल. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरले म्हणून ई-रीडरही तसाच असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचा पडदा वेगळ्या जातीचा असतो. ई-इंकच्या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण. वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि पुढचं पान उलटेपर्यंत ते तिथेच राहतात. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, म्हणून दिवा मंद ठेवला तर एकदा चार्ज केलं की कित्येक दिवस, कधी कधी आठवडे निघतात. उजेड पडद्यामागून डोळ्यांत येत नाही. कडेच्या छोट्या एलईडी दिव्यांचा प्रकाश पृष्ठभागावर पसरतो. भर उन्हात अंगणात बसून वाचता येतं आणि रात्री वीज गेल्यावरही. ही दुसरी गोष्ट गोव्यात किती कामाची आहे, ते पहिल्या वादळी पावसात कळेल. ३०० पीपीआयचा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके असलेला पडदा घ्या. त्याहून कमी असेल तर मराठीतली बारीक जोडाक्षरं आणि वेलांट्या तितक्या स्वच्छ दिसत नाहीत.

काही गोष्टी मात्र गमवाव्या लागतात. 'ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला होतं' ही आठवण यंत्रावर तयारच होत नाही, निदान माझी तरी होत नाही. मागे-पुढे चाळण्यात मजा नाही. पुस्तक किती उरलंय हे हाताला कळत नाही, टक्के वाचावे लागतात. ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरात लावली की ओवीचे चरण भलतीकडे मोडतात. म्हणूनच वर कविता कागदावर ठेवा म्हटलं.

मराठीचं सांगतो, कारण तिथेच खरी मेख आहे. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे डिसेंबर २०१६ पासून मिळतात. लोकप्रिय कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद बऱ्यापैकी सापडतात. पण समीक्षा, जुनी नाटकं, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं शोधायला गेलात तर निराश व्हाल, आणि गोमंतकातल्या लेखकांची मराठी पुस्तकं तर अजून बहुतांशी कागदावरच. दुसरी अडचण टंकांची, म्हणजे फॉन्टची. मराठीतला बराच मजकूर युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या जुन्या टंकांमध्ये जुळवलेला आहे. तो नीट न तपासता ई-बुकात ओतला की 'दुसऱ्या'मधला र भलतीकडे जाऊन बसतो आणि रफार शेजारच्या अक्षरावर चढतो. शिवाय पुष्कळदा ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. ते चालवून घेता येतं, पण चुकीची जोडाक्षरं तीनशे पानं सहन होत नाहीत. उपाय सोपा आहे. विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवा आणि त्यातली पाच-सहा पानं जोडाक्षरांवर नजर ठेवून वाचा. तिथे गोंधळ असेल तर पुढेही असणारच.

हक्क संपलेलं जुनं साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर आहे आणि ते ईपब या ई-बुकांच्या फाइल-प्रकारात उतरवता येतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होतं, त्यामुळे ही यादी दरवर्षी वाढते. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं मोफत असतात, पण ती पीडीएफ. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं असतं, सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं होतं. तुमचं बरंचसं वाचन पीडीएफचं किंवा स्कॅन केलेल्या पुस्तकांचं असेल तर दहा इंची यंत्र बघा, नाहीतर सरळ टॅब्लेट. दिवाळी अंक मात्र कागदावरच घ्या. जाहिराती, व्यंगचित्रं, चौकटी यांचा जो संसार त्यात असतो, तो काळ्या-पांढऱ्या छोट्या पडद्यावर मांडता येत नाही.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत. ई-बुक विकत घेतलं म्हणजे ते तुमच्या मालकीचं होतंच असं नाही, बहुतेक वेळा फक्त वाचायचा परवाना मिळतो. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. काढलेल्यांतलं एक कोणतं, तर 'नाइन्टीन एटी-फोर', नको असलेले कागद सरकार नाहीसे करतं अशा राजवटीची कादंबरी. विनोद त्यांनी मुद्दाम केला नव्हता. घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. शिवाय शेजाऱ्याला पुस्तक वाचायला देणं जवळपास संपतं. शेजारी पुस्तक परत करत नसेल तर याला फायदा म्हणा.

इथे मिरगाच्या आधी सुकी मासळी, कोकमं, लोणची भरून ठेवतात, त्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. माझ्या पुरुमेंतात आता पुस्तकंही असतात. मे महिन्यात नेट धड चालतं तोवर हवी ती पुस्तकं उतरवून घेतो, कारण वादळात आधी वीज जाते आणि मागोमाग नेट. तुम्हीही पहिल्या पावसाआधी तेवढं करा.

यंत्रालाही दमट हवा मानवत नाही, हे लक्षात ठेवा. जलरोधक म्हणून विकलेलं असलं तरी ओल्या बोटांनी चार्जिंगची पिन लावू नका. वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. बॅटरी शून्यावर जाऊन महिनोन्‌महिने पडू देऊ नका. आणि बॅगेत छत्रीशेजारी उघडा टाकू नका. बहुतेक ई-रीडरच्या पडद्यात खाली पातळ काच असते, बसच्या गर्दीत दाब आला की ती तडकते, आणि पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. कडक पुठ्ठ्याचं कव्हर यंत्रासोबतच मागवा.