गायमुख घाटाच्या चढावर पेट्रोल गाडी अचानक दम सोडते आणि इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाले म्हणतात तशी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) बदलावी का?

लगेच बदलू नका. आधी स्कॅनरने दाखवलेला दोषाचा कोड लेखी मागून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ॲक्सिलरेटरचे पेडल आणि झडप यांना जोडणारी केबल नसते. पेडलवरील दोन सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीतील दोन सेन्सर यांचे संकेत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, सतत ताडून पाहतो, आणि त्यांपैकी एखादी जोडी आपसांत जुळली नाही, तर झडपेचे उघडणे मर्यादित करून गाडी कमी शक्तीवर चालवतो. तुमची गाडी चढावर दम सोडते ती बहुधा याच संरक्षक व्यवस्थेमुळे. पी २१३५ हा कोड साधारणपणे थ्रॉटल बॉडीच्या सेन्सरांकडे, तर पी २१३८ पेडलच्या सेन्सरांकडे निर्देश करतो. पी २१३८ आलेला असताना थ्रॉटल बॉडी बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कोड पी २१३५ असला, तरी आधी कनेक्टर उघडून पिना तपासायला सांगा, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात तेथे ओल शिरून हिरवट गंज चढतो; माझ्या गाडीत दोष तेवढाच निघाला, आणि त्याआधी एका सर्व्हिस सेंटरने नव्या भागाचे अंदाजपत्रक हाती ठेवले होते. बॅटरी आणि अर्थिंगही तपासून घ्यावे. झडपेवरील काजळीमुळे सहसा आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे चालणे) अस्थिर होते, अशी अचानक शक्ती जात नाही, त्यामुळे केवळ सफाईवर भिस्त ठेवू नका. भाग बदलावाच लागला, तर स्कॅनरने थ्रॉटलचे नव्याने लर्निंग (ईसीयूला झडपेची स्थिती ओळखवणे) करून घेतल्याची खात्री करा. अनेक गाड्यांत त्यावाचून दिवा पुन्हा लागतो.