चेक बाऊन्समध्ये आरोपी जेल भोगून आला पण भरपाई दिली नाही, आता त्याच्या जमिनीवर बोजा चढवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांच्या चेक बाऊन्सच्या केसमध्ये कोर्टाने साडेचार लाख भरपाई द्यायला सांगितली, न दिल्यास 3 महिने कैद, तो गडी 3 महिने आत बसून आला आणि आता गावभर सांगत फिरतोय की हिशोब मिटला. जमीन त्याच्या नावावर आहे आणि वकील म्हणतात "बघू".

हिशोब मिटलेला नाही. मी वकील नाही, सांगली जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार आहे, पण अगदी ह्याच भानगडीत माझी नऊ वर्षं गेलीत म्हणून लिहितोय.

माझा माल 2015 च्या मार्चमध्ये एका व्यापाऱ्याने उचलला, थोडे रोख दिले आणि राहिलेल्या 3 लाख 20 हजारांचा चेक हातावर ठेवला. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको, माल एकदा गाडीत चढला की पुढे व्यापारी म्हणेल ती पूर्व दिशा. चेक परत आला, नोटीस झाली, केस झाली, तारखा तर विचारूच नका. 2018 च्या डिसेंबरात निकाल लागला, कोर्ट उठेपर्यंत कैद आणि 5 लाख भरपाई, न भरल्यास 3 महिने साधी कैद. तो अपिलात गेला, पण त्याच वर्षी चेकच्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 148 आलं होतं, त्यात अपील करणाऱ्याला भरपाईच्या किमान 20 टक्के भरायला सांगता येतात, त्यामुळे 1 लाख त्याला भरावे लागले आणि ते मला अर्ज करून उचलता आले. बाकी 4 लाख. अपील फेटाळलं गेलं, मग लॉकडाऊन, मग एकदाचा तो 2021 ला आत गेला आणि 3 महिन्यांनी बाहेर आला. आल्या आल्या सलूनमध्ये बसून म्हणतो काय, "4 लाखाला 3 महिने, म्हणजे महिना सव्वा लाखाच्या वर पगार पडला की मला." मी बाहेर माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो, मला ऐकू यावं म्हणूनच बोलला तो.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं की संपलं सगळं. नंतर माझ्या वकीलसाहेबांनी सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल काढून दाखवला, कुमारन विरुद्ध केरळ राज्य, तोही चेक बाऊन्सचाच. त्यात स्पष्ट म्हटलंय की भरपाई न भरल्याबद्दलची कैद भोगली तरी भरपाईची रक्कम वसूल करता येते. ती कैद म्हणजे पैसे भरावेत म्हणून लावलेला दट्ट्या, पैशाच्या बदल्यातली सवलत नाही. हा निकाल तुमच्या वकिलांना नावानिशी सांगा, बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनंच बसलंय की आत जाऊन आला की फाईल बंद.

आता बोजाचं. इथेच लोक फसतात. कोर्टाने भरपाईचा आदेश दिला म्हणजे त्याच्या सातबाऱ्यावर आपोआप काही चढत नाही. आदेश फाईलमध्ये आणि सातबारा कोरा, तो उद्या जमीन विकून मोकळा होऊ शकतो. ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच वसुलीचा अर्ज करायचा. जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे सीआरपीसीत, कलम 421 आणि 431, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या बीएनएसएसमध्ये तेच 461 आणि 471. निकाल जुना असेल तर दोन्ही आकडे घाला, क्लार्क मग फाटे फोडत नाही. ह्यात दोन वाटा आहेत, एक म्हणजे जंगम मालाची जप्ती, म्हणजे गाडी, ट्रॅक्टर वगैरे, आणि दुसरी म्हणजे कलेक्टरला वॉरंट, की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा. तुम्हाला दुसरी पाहिजे, कारण जमिनीला हात त्यानेच लागतो. ह्या कलेक्टरच्या वाटेने त्याला परत अटक मात्र होत नाही, तसं कुणी सांगत असेल तर सोडून द्या.

अर्जात गट नंबर लिहा, हे मी दहा वेळा सांगेन. मी पहिल्यांदा नुसतं "आरोपीची स्थावर मिळकत" असं लिहिलं होतं, ते वॉरंट कलेक्टर ऑफिसातून तहसीलला आलं आणि कुठली मिळकत म्हणून तिथेच पडून राहिलं. आठ महिने. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, आवक रजिस्टरमध्ये नंबर दिसायचा, कागद दिसायचा नाही. शेवटी मीच त्याचा 8-अ काढला, म्हणजे गावात त्याच्या खात्यावर कुठले कुठले गट आहेत ते एका कागदावर कळतं, मग प्रत्येक गटाचा सातबारा, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8, सगळं जोडून नवीन अर्ज दिला. शहरातलं घर असेल तर मिळकत पत्रिका काढा.

त्यानंतर मात्र गाडं हललं. तहसीलमधून आधी त्याला मागणीची नोटीस गेली, त्याने घेतली नाही, दारावर चिकटवली. मग जप्तीचा आदेश तलाठ्याकडे आला (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात), फेरफार पडला, हरकतीचे 15 दिवस गेले, सर्कलने मंजूर केला. नवीन सातबारा प्रिंट करून भाऊसाहेबांनी माझ्याकडे सरकवला, इतर हक्काच्या रकान्यात खाली त्याच्या नावासमोर बोजा 4,00,000 आणि फेरफार नंबर. एवढीशी ओळ. पण खरं काम केलं ते त्या ओळीने.

कारण लिलाव वगैरे काही झाला नाही. आणि तुम्हीही लिलावाच्या आशेवर राहू नका, गावात भावकीतल्या माणसाच्या जमिनीवर बोली लावायला कोण पुढे येतंय. बोजा चावतो तो दुसरीकडे. 2024 ला ह्याला बागेच्या मांडवासाठी बँकेचं कर्ज पाहिजे होतं, बँकेने ताजा सातबारा मागितला, मॅनेजरने ती ओळ बघितली आणि फाईल परत दिली. त्याच आठवड्यात संध्याकाळी माझ्या दारात, "अण्णा, मिटवून टाकू." तीन वर्षं फोन न उचलणारा माणूस.

तो रोख दीड लाख घेऊन आला होता, म्हणाला बाकीचं नंतर, आधी बोजा कमी करायला सही द्या. मी घेतले नाहीत. सगळं कोर्टात भरायला लावलं आणि तिथून उचललं. तुम्हीही हातात रोख घेऊन सही देऊ नका, नंतर तो पावती दाखवेल आणि तुम्ही मात्र बसाल आठवत की बाकी किती होती.

दोन गोष्टी मला जमल्या नाहीत त्याही सांगतो. निकालानंतर लगेच त्याने एका गटाचं बक्षीसपत्र बायकोच्या नावे करून टाकलं होतं. घेणेकऱ्याला चुकवायला केलेला असा व्यवहार रद्द मागता येतो, पण त्याला वेगळा दिवाणी दावा लागतो, मी दमलो होतो, सोडून दिला. दुसरं, सामाईक खातं असेल तर फक्त त्याच्या हिश्श्यापुरतंच चालतं, भावांचं तुम्हाला काही घेता येत नाही, आणि आधीच सोसायटीचं किंवा बँकेचं गहाण असेल तर ते आधी फिटणार. म्हणून उतारे काढून बघा, जमिनीत खरंच काही शिल्लक आहे का, नाहीतर वॉरंटच्या मागे फिरण्यात चपला झिजतील.

आणि तुमच्या केसमध्ये निकाल होता की लोकअदालतीत तडजोड, ते नक्की करा. प्रश्नात तुम्ही कैद भोगली म्हणताय म्हणजे निकालच असणार, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, चेकच्या केसमध्ये लोकअदालतीत तडजोड झाली आणि पैसे आले नाहीत तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा धरला जातो, त्याची सरळ दिवाणी कोर्टात दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते, वरच्या सगळ्या वाटेने जावं लागत नाही.

वडिलांच्या निकालाची तारीख आज रात्रीच काढून बघा. दंडाच्या वसुलीला कायद्यात 6 वर्षं धरलेली आहेत आणि भरपाई त्याच रस्त्याने वसूल होते, तेव्हा 6 वर्षं होत आली असतील तर उतारे गोळा करत बसू नका, आहे तो गट नंबर घालून अर्ज आधी दाखल करा, बाकीचे उतारे मागाहून जोडता येतात. निकालाच्या नकलेला अर्ज केला नसेल तर उद्या सकाळी तेवढं काम करा, आमच्या कोर्टात नक्कल मिळायलाच तीन आठवडे गेले होते.