साडेतीन शहाण्यांतला अर्धा

प्रश्न असा आला आहे: ‘साडेतीन शहाण्यांत नाना फडणवीस अर्धेच का? ते तर सगळ्यांत मोठे. आणि “दीडशहाणा” हा शब्द त्यावरूनच आला का?’

साडेतीन शहाणे म्हणजे पेशवाईच्या काळातले चार नामांकित मुत्सद्दी. पुरे तीन म्हणजे पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर. परंपरेने दिलेलं कारण सरळ आहे. पुरा शहाणा तो, ज्याला लेखणीही चालवता येते आणि तलवारही. विठ्ठल सुंदर तर १० ऑगस्ट १७६३ला गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईतच पडले. नानांची तलवार कुणी पाहिली नाही. पानिपतावर ते होते, वयाची १९ वर्षंही पुरी नव्हती. तिथून जीव वाचवून परतले, आई मात्र त्या धामधुमीत कायमची दुरावली. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवलंय.

पण हा ‘अर्धा’ कमीपणाचा नव्हे, आणि माझ्या मते इथेच लोकांची गफलत होते. मराठीत साडेतीन हा मानाचा आकडा आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठंही साडेतीन. सप्तशृंगीचं पीठ अर्धं म्हणतात, म्हणून वणीचा गड चढणाऱ्याला देवी अर्धी वाटते का? बलिप्रतिपदेचा मुहूर्तही अर्धाच, पण त्या दिवशी खरेदी करताना कुणी हात आखडता घेत नाही. तोच मान इथे नानांना आहे. ‘अर्धवट’शी या अर्ध्याचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट तारखा जुळवताना लक्षात येते. विठ्ठल सुंदर गेले तेव्हा नाना २१ वर्षांचे होते. त्यांचं खरं कर्तृत्व पुढचं: नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरचं बारभाईंचं (रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांचं) कारस्थान, १७८२चा सालबाईचा तह, १७९५ची खर्ड्याची मोहीम. म्हणजे ही चौकट एका वेळी दरबारांत बसलेल्या चौघांची नाही, मागे वळून पाहणाऱ्यांनी जुळवलेली असणार. सखारामबापूही बारभाईंत होते. पुढे नानांशी बिनसलं आणि १७८१मध्ये ते रायगडावर कैदेत वारले. एका शहाण्याला दुसऱ्या शहाण्याने कैदेत टाकलं, हे वाचताना मला अजून चुटपुट लागते.

आता ‘दीडशहाणा’. या चौघांशी त्याचा संबंध लावायचं कारण मला दिसत नाही. दीड म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त, ‘अतिशहाणा’तल्या ‘अति’सारखं. आईने पोराला ‘दीडशहाणा कुठला!’ म्हटलं की त्यात पेशवाई नसते, आगाऊपणा असतो. आपल्या भाषेचा हिशोब बघा: अर्धा शहाणा इतिहासात जातो आणि दीड शहाणा बोलणी खातो.

‘साडेतीन शहाणे’ हा शब्द वापरायचा तर चौघांसाठी एकत्रच वापरावा. एकट्या नानांना ‘अर्धा शहाणा’ म्हटलं की शब्दाचा मान जातो. १३ मार्च १८००ला नाना गेले, तेव्हा पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी कर्नल पामर यानेही लिहिलं, की मराठ्यांच्या राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं.