जाहिरात दुरुस्तीची, पान मुखपृष्ठाचे

प्रश्न : पुण्यात आमचा सोलर वॉटर हीटर विक्री आणि दुरुस्तीचा व्यवसाय आहे. 'सोलर हीटर दुरुस्ती' या शब्दांसाठी आम्ही गूगल अ‍ॅड्सवर जाहिरात देतो. जाहिरातीवरून येणारा माणूस आमच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर पोहोचतो. तेथे संस्थापकांची माहिती आणि नव्या हीटरची मोठी छायाचित्रे आहेत. क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगलने दिलेला गुणवत्तेचा अंक, १० पैकी ३ असून लँडिंग पेजचा (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव 'सरासरीपेक्षा कमी' दाखवला जातो. बोली (एका क्लिकसाठी देऊ केलेली रक्कम) वाढवूनही फोन वाढत नाहीत. संकेतस्थळ नव्याने करून घ्यावे का?

उत्तर : संकेतस्थळ तूर्त तसेच राहू द्या आणि दुरुस्तीसाठी एक स्वतंत्र पान करा. सकाळी नळाला गरम पाणी आले नाही म्हणून शोध घेणाऱ्या माणसाला संस्थापकांचा परिचय वाचण्याइतकी सवड नसते. तो मागे फिरतो, पण क्लिकचे पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. बोली वाढवल्याने हेच नुकसान अधिक महाग झाले.

नव्या पानाच्या मथळ्यात जाहिरातीतलेच शब्द असावेत. त्याखाली बोट लावताच फोन लागेल असा क्रमांक, तुम्ही कोणकोणत्या भागांत जाता, काचेची नळी फुटणे, टाकी गळणे, बोअरच्या पाण्याने क्षार साचणे यांपैकी कोणती कामे करता आणि तपासणीचे शुल्क किती, हे स्पष्ट लिहावे. शुल्क लिहिले तर गिऱ्हाईक बिचकेल, अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते जो ते वाचून परत जातो, तो फोनवर ऐकूनही बहुधा नकारच देतो.

छायाचित्रांचा आकार कमी केल्याशिवाय मोबाइलवर पान लवकर उघडणार नाही. गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स' या मोफत साधनात पान तपासा. पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसणे चांगले मानले जाते. संकेतस्थळाच्या रोबोट्स फाइलमध्ये (कोणत्या स्वयंचलित प्रोग्रामने पाने वाचावीत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'अ‍ॅड्सबॉट' या गूगलच्या स्वयंचलित प्रोग्रामला मज्जाव केलेला नाही ना, हेही पाहून घ्या, कारण पानाची तपासणी तोच करतो.

त्या ३ गुणांची मात्र फार धास्ती घेऊ नका. अपेक्षित क्लिक-दर (जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किती जण क्लिक करतील याचा अंदाज), जाहिरातीची सुसंगतता आणि लँडिंग पेजचा अनुभव या तीन घटकांवरून, त्याच शब्दांसाठी मागील ९० दिवसांत जाहिरात दाखवलेल्या इतरांशी तुलना करून हा अंक काढला जातो, म्हणून पान बदलल्यावर तो रातोरात वाढण्याची अपेक्षा करू नये. शिवाय तो दोष शोधण्यापुरता आहे; कोणाची जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या गूगलच्या लिलावात हा अंक थेट वापरला जात नाही, तेथे गुणवत्तेचा अंदाज प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने बांधला जातो.

पान तयार झाल्यावर, लोकांनी प्रत्यक्ष कोणते शब्द शोधले हे दाखवणारा 'सर्च टर्म्स' अहवाल वाचा. 'सोलर हीटर किंमत' असे शोधणारे लोक दुरुस्तीच्या जाहिरातीवर येत असतील, तर 'किंमत' हा शब्द त्या मोहिमेच्या नकारात्मक कीवर्डमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत) टाका आणि विक्रीची जाहिरात वेगळ्या पानावर न्या.