आधी एक वाक्य, मग एआय

अगं, सादरीकरण करायचं असेल तर कोपायलट किंवा गॅमासारखं स्लाइड बनवणारं एआय साधन उघडून लगेच ‘१० स्लाइड बनव’ असं सांगू नकोस. आधी कागदावर एकच वाक्य लिही: हे सादरीकरण संपल्यावर समोरच्याने काय ठरवायला हवं? ते जमलं की चॅटजीपीटीला कामाला लाव. मी त्याच्याकडून सगळ्यात जास्त काटछाट करून घेते. ४० पानी अहवालातले मुद्दे, लांबलेल्या शीर्षकाचे पाच पर्याय. आणि ‘तू कडक वित्तप्रमुख आहेस, मला अडचणीचे प्रश्न विचार’ असं सांगून सराव कर. हा सराव चुकवू नकोस, खरंच.

प्रत्येक आकडा मात्र मूळ तक्त्याशी ताडून बघ. चुकीचा आकडाही ही साधनं तितक्याच ठामपणे लिहितात. आलेख चित्र म्हणून घेऊ नकोस, पॉवरपॉइंटमध्येच काढ, म्हणजे ऐनवेळी आकडे बदलता येतात. चित्रात मराठी मजकूर मागितलास तर जोडाक्षरं, वेलांट्या बऱ्याचदा बिघडतात. चित्र कोरं घे, अक्षरं युनिकोडमध्ये स्वतः टाक.

ग्राहकाची फाइल अशा साधनात टाकण्याआधी त्याची लेखी परवानगी घे. सुरुवातीला मी एकदा न विचारता टाकली होती. तो ग्राहक पुन्हा आला नाही.