धंद्याची मेल आणि कॅलेंडर गूगलमधून बाहेर काढायचं तर सुरुवात कुठून करावी?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कंपन्यांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग सगळं जीमेलवर येतं, डिलिव्हरीच्या तारखा गूगल कॅलेंडरात असतात, आणि उद्या खातं अडकलं तर काय, असं तुम्ही विचारलंय. काळजी रास्त आहे. मी सांगेन, कंपनी नंतर बदला, आधी पत्ता बदला.

स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव, घ्या. डॉट इन वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतं. पत्ता तुमच्या डोमेनचा झाला की मेल सांभाळणारी कंपनी कितीही वेळा बदला, गिऱ्हाइकाला पत्ता नव्यानं कळवावा लागत नाही. डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको, तुमच्याच लॉगिनमध्ये हवं. त्या लॉगिनला मात्र त्याच डोमेनचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायची लिंकही तिथंच अडकते. तिथं जुनं जीमेल राहू दे. मुदत चुकून डोमेन दुसऱ्यानं उचललं तर तुमचे ओटीपी त्याच्या हातात जातील, म्हणून पाच वर्षांचे पैसे एकदम भरा.

मेल ठेवायला चेन्नईची झोहो, जर्मनीची मेलबॉक्स डॉट ऑर्ग, ऑस्ट्रेलियाची फास्टमेल असे पर्याय आहेत. घेण्याआधी त्या प्लॅनमध्ये आयमॅप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून मेल वाचायची आणि उतरवायची सोय, आहे का ते बघा. झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये ते नाही, म्हणजे पुन्हा बाहेर पडताना अडचण. वर्कशॉपमध्येच मेल सर्व्हर बसवायच्या फंदात पडू नका. साध्या ब्रॉडबँडचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, बदलत राहतो, मेल पाठवायचा मार्ग असलेलं पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतं, आणि तुमची कोटेशनं स्पॅममध्ये जातात. २०१९ आणि २०२१ चा महापूरही आठवा.

डोमेनला एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा चार नोंदी लागतात. एमएक्स येणारी मेल कुठं पोचवायची ते सांगते, बाकीच्या तीन पाठवलेली मेल खरंच तुमची आहे हे पटवतात. एसपीएफची नोंद एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणी फसते. टॅलीतून बिलं मेल करत असाल तर तिथलं एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायचं, सेटिंगही बदला.

जुनी मेल हलवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. आधी गूगल टेकआउट या गूगलच्याच सोयीतून सगळ्या मेलची एमबॉक्स फाइल काढून वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती जोडून मेल कॉपी करा. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका ऑर्डरला 'पीओ' आणि कंपनीचं नाव अशी दोन लेबलं असली, तर आयमॅपला ती दोन फोल्डरांत दिसते आणि 'ऑल मेल'मध्ये तिसऱ्यांदा. सगळं ओढलं तर एका मेलच्या तीन होतात. म्हणून फक्त 'ऑल मेल' घ्या. फक्त लेबलं घेतलीत तरी अशा मेलच्या दोन होतील. शिवाय आयमॅपनं दिवसाला साधारण अडीच जीबीच उतरवता येतात. त्यापुढे गेलात तर जीमेल काही तास दार लावून घेतं आणि कॉपी अर्धवट राहते. एकेका वर्षाची मेल हलवा आणि दोन्हीकडचे आकडे जुळवा.

मग पत्ता बदलत जा. आधी बँक, नंतर जीएसटी पोर्टल, आयकर, उद्यम नोंदणी. जिथं गूगलच्या बटणानं लॉगिन करता तिथं आधी वेगळा पासवर्ड लावा. जीमेलवर फॉरवर्ड लावून ठेवा, पण स्पॅममध्ये पडलेली मेल फॉरवर्ड होत नाही, म्हणून निदान वर्षभर आठवड्यातून एकदा तिथं डोकवा. दोन वर्षं वापर नसला तर गूगल खातं काढून टाकू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

कॅलेंडर त्या मानानं सोपं. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून कॅलेंडरची आयसीएस फाइल काढा, मोबाइल ॲपमधून ती निघत नाही. नव्या ठिकाणी ती चढवा आणि अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ या ॲपनं फोनच्या कॅलेंडरला जोडा. एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारात ते फुकट आहे. फोनमध्ये नवी नोंद कुठल्या कॅलेंडरात जाते ते बदलायला विसरू नका, नाहीतर तारखा पुन्हा गूगलमध्येच साठत राहतील.

दरमहा ११ आणि २० तारखेचं जीएसटी रिटर्न नीट रिपीट होतं. अंबाबाईचा किरणोत्सव ठरल्या तारखांचा, तोही चालतो. जोतिबाची चैत्र यात्रा मात्र पौर्णिमेची. तिला वार्षिक रिपीट लावाल तर पुढच्या वर्षी चुकीच्या दिवशी आठवण येईल, आणि कामगार रजेवर असतील त्याच दिवशी डिलिव्हरी कबूल करून बसाल. ती तारीख दरवर्षी पंचांग बघून हातानं घाला.