जुन्या अमेरिकन सीबी बेस रेडिओची पॉवर कॉर्ड नागपुरात कुठे मिळेल? १२ व्होल्टवर दिवा लागतो, पण आवाजच नाही

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना २७ मेगाहर्ट्झवर आपापसात बोलायचा वायरलेस, आणि बेस म्हणजे घरात ठेवायचा सेट. कॉर्डचं नंतर बघू. कामाची गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे: ‘माईक हरवलाय, पण मला फक्त ऐकायचंच आहे.’ मेकॅनिकने मागून १२ व्होल्ट दिले, डायल उजळला आणि स्पीकर मुका राहिला, तो बहुधा माईक नसल्यामुळेच.

त्या काळच्या कितीतरी सीबी सेटमध्ये स्पीकरची ग्राउंडची वाट माईकच्या बटणातून जाते. बटण सोडलं की स्पीकर जोडला जातो, दाबलं की तुटतो. माईक काढून ठेवला तर ती वाट अर्धवटच राहते आणि ठणठणीत सेटही मेल्यासारखा वाटतो. कोब्रा कंपनीच्या नेहमीच्या चार पिनी माईक सॉकेटला १ ग्राउंड, २ माईकचा आवाज, ३ ट्रान्समिट (बोलणं) आणि ४ रिसीव्ह (ऐकणं) असतं. तिथे रिकाम्या प्लगात १ आणि ४ जोडून तो लावला की रिसीव्हर बोलायला लागतो. दुसऱ्या कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, काहींना पाच पिनी गोल (डिन) सॉकेट असतं, म्हणून सर्किट बघितल्याशिवाय तार खुपसू नका. चुकून ट्रान्समिटची पिन ग्राउंड झाली आणि मागे अँटेना नसली, तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

प्लग मिळेपर्यंत बाकीचं तपासून घ्या. पुढचा पीए-सीबीचा खटका पीएवर (म्हणजे लाऊडस्पीकरवर बोलण्यासाठी) असेल तर रिसीव्हर गप्पच राहणार. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबणारा नॉब, पूर्ण उलटा फिरवा. मागच्या बाहेरच्या स्पीकरच्या जॅकमध्ये एक प्लग पाच-दहा वेळा आत-बाहेर करा, कारण आतल्या स्पीकरचा संपर्क त्याच जॅकच्या पत्रीतून जातो आणि ती पत्री काळी पडते. चॅनेलच्या नॉबमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

आता कॉर्ड. सेटवरची पट्टी वाचा, त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलेलं असणार. आपल्याकडे २३० आणि ५०. सीताबर्डीवर मोदी नंबर ३ च्या गल्लीत तुम्हाला कॉर्ड मिळेल हो, मागचं सॉकेट काँप्युटरसारखं किंवा टेपरेकॉर्डरसारखं आठाच्या आकाराचं असेल तर कोणीही काढून देईल. पण ती थेट भिंतीत लावलीत तर आतला ट्रान्सफॉर्मर संपला. मध्ये २३० चे ११० व्होल्ट करणारा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, ट्रान्झिस्टरच्या सेटला १०० व्हीएचा पुरतो. १२० पेक्षा ११० चाच घ्या, कारण ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. सेटमध्ये विजेच्या ठेक्यावर चालणारं घड्याळ असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडेल, त्याचं काही करता येत नाही.

सॉकेटला पिना जास्त असतील तर सावध राहा. काही मॉडेलमध्ये वीज आणि बॅटरी दोन्हींच्या कॉर्ड एकाच सॉकेटला लागायच्या आणि विजेच्या प्लगच्या आत दोन पिना तारेने जोडलेल्या असायच्या. नुसत्या दोन तारा लावल्या तर सेट उठतच नाही. वायर मुळातच आत पक्की असेल आणि तुटली असेल, तर रंगांकडे नीट बघा. अमेरिकन वायरीत काळी लाईव्ह आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल असते, त्यामुळे इथला इलेक्ट्रिशियन सवयीने उलटं जोडतो आणि फ्यूज व स्विच न्यूट्रलवर जाऊन बसतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर या सगळ्या भानगडीत पडूच नका. सेट १२ व्होल्टवर उठतोय ना, मग त्याला तेच द्या. १३.८ व्होल्ट, ५ अँपियरचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय घ्या. सीसीटीव्हीचा एसएमपीएस (स्विचिंगवाला सप्लाय) स्वस्त पडतो, पण तो २७ मेगाहर्ट्झवर इतकी खरखर ओततो की ऐकण्याची मजाच जाते. तपासण्यापुरती इन्व्हर्टरची बॅटरी सगळ्यात शांत, फक्त इन्व्हर्टरपासून सोडवून घ्या आणि प्लसच्या तारेत बॅटरीजवळच ३ अँपियरचा फ्यूज टाका. उलटी तार लागली की आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि मग सरळ लावूनही फ्यूज उडतच राहतो. तो डायोड काही रुपयांचा आहे, त्यासाठी फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका.

बॅटरीवर आवाज स्वच्छ आणि विजेवर घुंऽऽ असा हम असेल, तर सप्लायचा मोठा कंडेन्सर गेला समजा. नागपूरच्या माळ्यावर चाळीस उन्हाळे काढलेला कंडेन्सर सुकलेलाच असणार. विजेवर पहिल्यांदा लावताना स्टेप डाऊनच्या आधी ६० वॅटचा जुना बल्ब सिरीजमध्ये ठेवा. तो भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा.

सेट २३ चॅनेलचा असेल, म्हणजे बहुतेक १९७७ च्या आधीचा, तर एक गंमत सांगतो. त्यात फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या सहा आणि चार क्रिस्टलांच्या जोड्यांतून सगळे चॅनेल बनायचे. लागोपाठ चार चॅनेल मुके असतील तर सहापैकी एक क्रिस्टल गेलं, दर चौथा मुका असेल तर चारांपैकी एक. सेट व्हॉल्व्हचा निघाला तर झाकण उघडू नका, आत काही शे व्होल्ट असतात.

ऐकायला मागे पावणेतीन मीटर तार लटकवली तरी चालेल. फार अपेक्षा ठेवू नका, इथे जवळपास कोणी बोलत नाही. सूर्यावरचे डाग जास्त असले की दिवसा बाहेरदेशचे आवाज मात्र येतात. बोलायची हौस आलीच तर आधी डब्ल्यूपीसीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस परवान्यांच्या शाखेचे नियम वाचा. २००५ ची परवानासूट २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि ५ वॅटपुरती आहे, म्हणजे ४० चॅनेलच्या सेटवरचे २८ पासून पुढचे चॅनेल त्यात बसत नाहीत.

मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि माईकच्या सॉकेटला किती पिना आहेत ते इथेच लिहा, म्हणजे कुठल्या दोन जोडायच्या ते सर्किट बघून सांगतो.